सिल्व्हर क्लेचं पेंडंट भाजल्यावर तुटलं, क्ले खराब होती का?

तुम्ही लिहिलंय की पेंडंट गॅस टॉर्चने (ज्योतीच्या बर्नरने) भाजलं, ते लाल झालं, मग पांढरं पडलं आणि कड घासायला कानस लावताच त्याचे दोन तुकडे झाले. क्लेच खराब होती का, भट्टी घ्यावीच लागेल का, आणि पुढच्या पेंडंटमध्ये मोती बसवायचाय तो कसा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

क्लेचा दोष असेल असं मला वाटत नाही. पेंडंट कच्चं राहिलं असावं. खात्री करायची तर तुटलेली कड भिंगातून बघा. खडूसारखी भुरभुरीत, निस्तेज दिसली तर भाजणं कमी पडलंय. आतला भाग काळपट असेल तर क्लेमधला चिकट पदार्थसुद्धा पुरता जळलेला नाही. फुगे किंवा सुटलेले पापुद्रे दिसले तर मात्र कारण वेगळं: तुकडा आतून ओला होता आणि वाफेने फुटला.

ही क्ले म्हणजे शुद्ध चांदीची अतिशय बारीक पूड, थोडा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी. तापवल्यावर आधी तो चिकट पदार्थ जळतो. तेव्हा धूर निघतो, काही क्षण ज्योतही दिसते. बरेच जण इथेच काम झालं असं समजतात. खरं तर या वेळी तुकडा सगळ्यात नाजूक असतो, कारण कणांना धरून ठेवणारं काहीच उरलेलं नसतं. पुढे चांदी वितळत नाही (ती 962 अंशांच्या आसपास वितळते), पण त्याखालच्या तापमानाला कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे हळूहळू जुळत जातात, मधल्या फटी भरत जातात आणि तुकडा आकसतो. यालाच सिंटरिंग म्हणतात, आणि त्याला तापमानाइतकाच वेळही लागतो. लाल झालं आणि ज्योत बाजूला केली, तर हा वेळ मिळतच नाही.

टॉर्चने भाजताना खोलीतला उजेड कमी ठेवा, नाहीतर रंग कळत नाही. खिडकी मात्र उघडी असू द्या. तुकडा फायरब्रिकवर (उष्णता सोसणाऱ्या विटेवर) ठेवून ज्योत गोल गोल फिरवत राहा. धूर संपल्यावर तो फिकट नारिंगी, थोडा गुलाबीकडे झुकणारा दिसू लागेल. घड्याळ तिथून सुरू करा, आधी नाही. छोट्या पेंडंटला दोन मिनिटं पुरतात असं सांगतात, मी पाच देते; रंग तोच राहिला तर जास्त वेळाने बिघडत काही नाही. पृष्ठभाग पाऱ्यासारखा चमकायला लागला की ज्योत लगेच मागे घ्या, ते वितळायची सुरुवात आहे.

रंगाचा अंदाज चुकू शकतो, म्हणून मी मापावर जास्त विश्वास ठेवते. भाजण्याआधी तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा. कमी तापमानाला भाजणाऱ्या बऱ्याच क्ले 8 ते 12 टक्के आकसतात, म्हणजे 40 मिलिमीटरचं पेंडंट 36च्या आसपास यायला हवं. भाजल्यावरही रेषेला रेष जुळत असेल तर कानस लावू नका, पुन्हा भाजा. पुन्हा भाजायला काहीच हरकत नसते. पाकिटावरचा आकसण्याचा आकडा मात्र वाचा. जपानमध्ये 1990च्या दशकात बाजारात आलेली सुरुवातीची क्ले पाव भागाहूनही जास्त आकसायची.

वरचा पांढरेपणा ही राख नाही, चांदीच आहे. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्याने ती पांढरी दिसते. पितळी तारेचा ब्रश आणि साबणाचं पाणी लावलं की चांदी उजळते; नंतर गुळगुळीत पोलादी सळईने घोटून घ्या. कानस आणि पॉलिश पेपरचं बरंचसं काम मुळात भाजण्याआधी, सुकलेल्या तुकड्यावरच उरकावं. तेव्हा ते सोपं असतं आणि पडलेली पूड पाण्यात कालवून सांधे जोडायला वापरता येते.

सुकलंय की नाही हे बघायला कोमट केलेला तुकडा आरशावर ठेवा आणि उचला. काच धुरकटली तर अजून थांबा. आणि लाटलेल्या क्लेची जाडी पत्त्यांच्या चार पानांपेक्षा कमी नको. शुद्ध चांदी मऊ असते, पातळ पेंडंट व्यवस्थित भाजलं तरी वाकतं.

भट्टीचं म्हणाल तर 25 ग्रॅमच्या आतल्या, रुपयाच्या नाण्याहून फार मोठ्या नसलेल्या कामाला टॉर्च चालतो. अंगठ्या, आतून पोकळ मणी आणि मोठे तुकडे यांना भट्टी हवी. कमी तापमानाची क्ले 650 अंशांना अर्ध्या तासात तयार होते म्हणतात, ते खरं आहे, पण तीच 900 अंशांना दोन तास ठेवली तर कितीतरी मजबूत होते. एखाद्या कुंभारकाम करणाऱ्याकडे तापमान नियंत्रक असलेली विजेची भट्टी असेल तर तिच्यात जागा मागा, विकत घ्यायची घाई नको. स्टर्लिंग क्लेत तांबं असतं. ती बहुधा कोळशात पुरून भाजावी लागते, सध्या तिच्या वाटेला जाऊ नका.

तुटलेले तुकडे फेकू नका. तुटलेल्या कडा ओरखडून घ्या, मध्ये क्लेची घट्ट पेस्ट भरा, पूर्ण सुकवा आणि शक्य असेल तर 900 अंशांच्या भट्टीतच भाजा. सांध्यावर बारीक चीर येण्याची शक्यता आहे, कारण ताजी पेस्ट जास्त आकसते. पुन्हा भरायची, पुन्हा भाजायचं.

मोती आगीत टिकणार नाही. क्युबिक झिरकोनिया हा हिऱ्यासारखा कृत्रिम खडा क्लेमध्ये बसवून भाजता येतो (तो तुकडा पाण्यात विझवू नका, आपोआप निवू द्या), पण मोती, ओपल, पिरोजा, अंबर हे सगळे नंतरच बसवायचे. मोत्यासाठी ओल्या क्लेमध्ये शुद्ध चांदीच्या तारेची छोटी खुंटी रोवा; स्टर्लिंगची तार नको, ती या उष्णतेत ठिसूळ होते. खुंटीचं क्लेतलं टोक थोडं वाकवून ठेवलं की ते निसटत नाही. भाजून, घासून, घोटून झालं की अर्धं भोक पाडलेला मोती दोन भागांच्या इपॉक्सीने त्या खुंटीवर चिकटवा.