बाबांच्या रिटायरमेंटला ४६ हजारांचं जुनं घड्याळ घ्यावं का?

खानापूर तालुक्यातनं एका वाचकाचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. वय ३१, बेळगावच्या उद्यमबागला फौंड्रीत सुपरवायझर, हातात येणारा पगार ३४ हजार. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर, येत्या महिनाअखेरीला रिटायर होताहेत, त्यांना १९६८ सालचं ओमेगा हे स्विस घड्याळ गिफ्ट द्यायचंय. पुण्याचा एक विक्रेता इन्स्टावर ४६ हजार सांगतोय आणि पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणतोय. पैसे एकतर क्रेडिट सोसायटीतली ९० हजारांची ठेव मोडून, नाहीतर क्रेडिट कार्डावर. बायकोला सातवा महिना आहे. आणि अगदी शेवटी एक ओळ, की बाबांना लग्नात मिळालेलं एचएमटी कपाटात बंद पडून आहे पण ते आता काय चालायचं नाही.

भाऊ, तुमची ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडं येतो, पण आधी पैशाचं बोलूया.

हे ओमेगा आत्ता घेऊ नका. घड्याळ द्या, जरूर द्या, पण हे नको.

विक्रेता दुप्पट म्हणतोय म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदा-पंधरा टक्के झाले, आणि ते कुणी लिहून देत नाही. बरं समजा झालंच दुप्पट, तर पाच वर्षांनी तुम्ही बाबांच्या मनगटावरनं ते काढून विकणार आहात काय? नाही ना. मग ते दुप्पट होणं तुमच्या काय कामाचं, ती गुंतवणूक नाही, ती भेट आहे आणि भेटीला तेवढेच पैसे घालावेत जे परत कधीच दिसले नाहीत तरी घरात कुणाला कमी पडणार नाही. शिवाय विकायला गेलात की दुकानदार त्याच्या भावानं घेतो, इन्स्टावर लिहिलेल्या भावानं नव्हे, हे सोनं मोडायला गेलेल्या कुणालाही माहीत आहे.

दुसरं म्हणजे माल. जुन्या घड्याळांच्या बाजारात आपल्याकडच्या घड्याळांना बाहेरचे कलेक्टर 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. जुनी खराब डायल खरवडून नव्यानं रंगवायची, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं, केस म्हणजे बाहेरची डबी चौथ्याची, वरनं पॉलिश मारलं की फोटोत झगमगतं. पन्नास-साठ वर्षांचं घड्याळ आणि डायलवर एक डाग नाही, अक्षरं जाडसर, सहाच्या खाली 'स्विस मेड' वाकडं किंवा गायबच, असं दिसलं की थांबायचं. तुम्हाला आलेल्या फोटोत मागचं झाकण उघडलेला एकपण फोटो नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्या काळातल्या ओमेगाचं मशीन तांब्याच्या रंगाचं असतं, त्यावर नंबर असतो, नंबरावरनं साधारण साल कळतं. तो फोटो न देता जो ४६ हजार आधी पाठवा म्हणतो आणि परत घेणार नाही म्हणतो त्याच्याशी व्यवहार करायचाच नाही, मग तो कितीही गोड बोलू दे.

आता पैसे कुठनं येणार ते. कार्डावर घेतलंत आणि पूर्ण बिल भरता आलं नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे ४६ हजारांवर १,६१० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,९०० झाले, आणि हे दर महिन्याला, मुद्दल तसंच. कार्डाचा विषय इथंच संपला.

राहिली ती ठेव. ९० हजार म्हणजे तुमच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढेसुद्धा नाहीत आणि दोन महिन्यांनी घरात बाळ येतंय. पगार २१ हजारांच्या वर म्हणून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तिच्यात बाळंतपण धरलंय का ते उद्याच एचआरला विचारा, कारण स्वतःची नवीन पॉलिसी आत्ता काढून या बाळंतपणाला उपयोग नाही, वेटिंग पिरियड असतो. सगळं नीटच होईल, पण सिझेरियन झालं आणि बाळाला चार दिवस पेटीत ठेवा म्हणाले तर काउंटरवर पैसे भरायला तुमच्याकडं हेच ९० हजार आहेत. त्याला हात लावू नका.

हात लावायचाच तर एका वेगळ्या कारणानं लावा. सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची) असो की साधी क्रेडिट सोसायटी, तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, ते फक्त बँकांना आहे, त्यात सहकारी बँकापण आल्या, पण सोसायट्या नाहीत. आपल्या भागात गल्लीगल्लीत सोसायटी आहे आणि आपण बोर्डावर ओळखीचं कोण आहे ते बघून पैसे ठेवतो. माझ्या सख्ख्या मामांनी रिटायर झाल्यावर पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून ग्रॅच्युइटी अशाच एका सोसायटीत टाकली, ती बुडाली, मामा अजून कागदांची पिशवी घेऊन हेलपाटे मारताहेत आणि मामी तो विषय निघाला की उठून आत जाते. म्हणून तुमची ठेव मुदत संपली की बँकेत हलवा, आणि मुदतीआधी काढून व्याज थोडंच कापत असतील तर बाळंतपणाआधीच हलवा. बाबांचे पैसे जमा व्हायच्या आधीच एजंट लोक घरी चहाला यायला लागतील, त्यावेळी तुम्ही शेजारी बसा. पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम आहे, ६० पूर्ण झालेल्याला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज खात्यात येतं, मास्तरांसारख्या माणसाला पेन्शनच्या जोडीला ते फार बरं पडतं.

टॅक्सचं विचारलंय, मुलानं बापाला घड्याळ दिलं तर त्यावर काही टॅक्स नाही, निर्धास्त रहा.

आता ते एचएमटी. बंगळूरला १९६१ ला जपानच्या सिटिझनची मदत घेऊन कारखाना सुरू झाला आणि पुढं तीसेक वर्षं आपल्याकडं लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटी, जनता, पायलट, कोहिनूर. तुमच्या बाबांच्या लग्नापर्यंत टायटनची सेलवरची घड्याळं बाजारात आली होती, तरी आजोबांनी चावीचंच दिलं. ते हातात घालून मास्तरांनी किती वर्षं तास बदलल्याचा टोल द्यायला लावला असेल, त्याच्याऐवजी कुणा अनोळखी माणसानं वापरलेलं ओमेगा तुम्ही त्यांना देणार? मला ते पटत नाही.

आणि चालायचं नाही हे कुणी ठरवलं? आज रात्री ते बाहेर काढा आणि हळूच चावी द्या. चावी नुसती गरागरा फिरत राहिली, कुठंच ताण लागला नाही, तर बहुतेक आतली स्प्रिंग तुटलीय. चार-पाच फेऱ्यांतच घट्ट लागली आणि काटा हलत नाही तर तेल वाळून चिकट झालंय, अशावेळी अजिबात जोर करू नका. दोन्ही दुरुस्त होण्यातले आहेत. २०१६ ला सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं त्यामुळं नवे पार्ट कारखान्यातनं येत नाहीत, पण जुने कारागीर दुसऱ्या बंद घड्याळातनं पार्ट काढून बसवतात. बेळगावच्या खडेबाजारातनं विचारत सुरुवात करा, नुसता सेल बदलणाऱ्याकडं देऊ नका, चावीचं मशीन पूर्ण खोलून धुऊन तेल घालणारा शोधा. आणि त्याला आधीच बजावून सांगा की डायल रंगवायची नाही, केसला बफ मारायचा नाही. ती पिवळी पडलेली डायल आणि काचेखालचा तो '१७ ज्वेल्स' तसाच राहू दे, ओरखडा आलेली काच तेवढी बदला. पट्टा मात्र चांगल्या चामड्याचा नवीन घ्या.

या सगळ्याला मी ३ हजार धरतो, पट्ट्यासकट ४. अगदीच मशीन गेलेलं निघालं तर त्याच मॉडेलचं चालू एचएमटी तीन-चार हजारांत मिळून जातं, त्याचं मशीन बाबांच्या केसमध्ये बसवून मागा, बाहेरनं घड्याळ तेच राहील. हे पैसे चालू पगारातनं निघतात, ठेव जागेवर, कार्ड खिशात. ओमेगाची हौस तशीच राहिली तर बाळ वर्षाचं झाल्यावर महिना हजाराची आरडी सुरू करा आणि बाबांच्या पासष्टीला बघूया.

महिनाअखेर जवळ आहे आणि कारागीर घड्याळ आठ-दहा दिवस ठेवून घेतो, तेव्हा या शनिवारीच बेळगावला जाऊन देऊन या, आणि बाबांना विचारू नका, आईला विचारून कपाटाची किल्ली घ्या.