ओंडका फेकू नका, उलटा उभा करून बघा

तुमचं वाचलं. वादळात पडलेल्या कापराच्या झाडाचा चार फुटी ओंडका, जाडी १४ इंच, एका बाजूला मोठी गाठ, गाठीच्या खाली भुसभुशीत कुजका भाग, विरुद्ध बाजूला लांब भेग, आणि यातून टिकी, म्हणजे हवाई-पॉलिनेशियाच्या धर्तीची लाकडी मूर्ती, होईल का. होईल, आणि चांगला होईल. मी इथे फ्लोरिडात बरीच वर्षं कोरतोय, निर्दोष ओंडका मला क्वचितच मिळालाय.

आधी स्क्रूड्रायव्हरने कुजकट भाग टोचून बघा, कडक लाकूड लागेपर्यंत सगळा भुसा खरवडून काढा. कूज गाभ्याच्या पलीकडे गेली असेल तर तेवढा तुकडा कापून टाका आणि लहान टिकी करा, त्यात काही कमीपणा नाही. तीन-चार इंचांवर थांबली असेल तर ते तुमचं तोंड. हवाईच्या कू देवाच्या मूर्तींचे फोटो बघा, इंग्रजी 8 च्या आकड्यासारखं आडवं पसरलेलं उघडं तोंड असतं, तिथलं लाकूड तुम्ही नाहीतरी काढणारच होता. फक्त आता गाठ तोंडाच्या वर येते, म्हणजे बरोबर नाकाच्या जागी, आणि गाठीभोवती लाकडाच्या रेषा सगळीकडून वळतात, त्यात नाकपुड्या कोरायला गेलात की कपचे उडणार. म्हणून ओंडका उलटा उभा करा. गाठ खाली गेली, तिची हनुवटी करा, मोठी गोल ठेवा, फार कोरू नका. नाकाला स्वच्छ लाकूड मिळालं.

भेगेचं मात्र नीट समजून घ्या कारण इथेच सगळे चुकतात. लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट, त्यामुळे गाभा आत असलेला अख्खा ओंडका कुठेतरी फाटणारच. मी माझ्या पहिल्या टिकीची भेग ओल्या लाकडातच फिलरने बुजवून रंग दिला होता, दोन महिन्यांत नवीन भेग कपाळापासून नाकावरून खाली आली, आठवड्यांची मेहनत गेली, अजून वाईट वाटतं. तेव्हा भेग पाठीला ठेवा आणि बुजवण्याऐवजी चेनसॉने त्याच रेषेत गाभ्यापर्यंत सरळ खाच मारा, म्हणजे पुढचा ताण तिथेच मोकळा होतो आणि चेहरा बराचसा वाचतो. खाच मारताना ब्लेडचं टोक लाकडात खुपसू नका, सॉ उलटा अंगावर येतो. दोन्ही टोकांना आजच मेण लावा, आणि काम थांबवाल तेव्हा प्लास्टिक गुंडाळा.

पाम का नको असं खाली कुणीतरी विचारलंय. इथे बरेच टिकी पामचेच असतात, पण पामला वर्तुळं नसतात, बाहेर कडक तंतू आणि आत मऊ गर, बारीक काम टिकत नाही. कापराचं लाकूड पटाशीला गोड आहे, किडे लवकर लागत नाहीत, आणि कोरताना सगळ्या गॅरेजला देवघराचा वास येतो.

त्यावरून एक मनापासून सांगतो. कू हा खरा देव आहे, टिकी बारची सजावट नंतर आली. त्याच्या तीन मोठ्या जुन्या मूर्ती उरल्यात, होनोलुलूच्या बिशप म्युझियमात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात आणि मॅसॅच्युसेट्समधल्या पीबॉडी एसेक्स म्युझियमात, २०१० मध्ये तिन्ही होनोलुलूत एकत्र आणल्या होत्या. लंडनची नीरफणसाच्या लाकडाची आहे, कोकणातल्या लोकांना ते झाड परकं नाही. आपल्या गणपतीचा चेहरा कुणी बियरच्या मगवर कोरला तर कसं वाटेल, तेवढं लक्षात ठेवून कोरा आणि हुबेहूब कू करण्यापेक्षा आपला चेहरा काढा.

शेवटी जवसाचं तेल लावाल तर तेलाचे फडके गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, उघड्यावर पसरून वाळवा. मूर्ती थेट मातीत रोवू नका, खाली दगड घाला. आणि पहिला घाव घालायच्या आधी चारही बाजूंचे फोटो टाका, नाकाची जागा मी खुणा करून देतो.