वाचक विचारतात: शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, मग मॅच हरली कोणामुळे?

प्रश्न (कोथरूडहून एक बाबा): माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, टीमचा कीपर आहे. गेल्या महिन्यात एका टुर्नामेंटमध्ये मॅच ०-० चालली होती, अगदी शेवटी एक बॉल घ्यायला तो पुढे धावला आणि समोरच्या पोराला धडकला, झालं, पेनल्टी, गोल आणि लगेच शिट्टी. तेव्हापासून गप्प गप्प आहे, म्हणतो माझ्यामुळे हरलो. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही पण तासभर सगळे खेळले आणि एका किकवर निकाल लागला, एका पेनल्टीने खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि तो तुमच्या मुलाला जाणवतोय तेवढाच मोठा असतो, त्यामुळे त्याला "काही नाही रे, सोड" असं म्हणू नका, त्याला ते पटणार नाही. गोल दहाव्या मिनिटाला झाला तरी एकच आणि नव्वदाव्या मिनिटाला झाला तरी एकच, पण दहाव्या मिनिटाच्या गोलला उत्तर द्यायला ऐंशी मिनिटं असतात आणि नव्वदाव्याला कधीकधी परत किक-ऑफ करण्यापुरताच वेळ उरतो. लीगचा साधा हिशोब करून बघा, जिंकलं की तीन पॉइंट, बरोबरीला एकेक, हरलं की शून्य. ०-० वर मॅच संपत आली की दोन्ही टीमच्या हातात जवळजवळ एकेक पॉइंट असतो. पेनल्टी ढोबळमानाने चारपैकी तीनदा आत जाते. म्हणजे रेफ्रीने स्पॉटकडे बोट दाखवलं की एका टीमचा एक पॉइंट अडीचवर जातो आणि दुसरीच्या हातात पाव पॉइंट उरतो, अजून किक मारलेलीसुद्धा नाही.

मोठ्या मॅचेसही अशाच गेल्यात. १९९० ची वर्ल्डकप फायनल ८५ व्या मिनिटाला ब्रेमच्या पेनल्टीवर पश्चिम जर्मनीने १-० जिंकली. २००६ ला इटली दहा जणांनी खेळत होती, ऑस्ट्रेलियासमोर ०-० वर अडकली होती, इंज्युरी टाइममध्ये (नव्वद मिनिटांनंतर रेफ्री देतो तो जादा वेळ) तोत्तीने पेनल्टी मारली आणि पुढे तीच इटली कप घेऊन गेली.

पण हे सगळं झालं कारण स्कोअर बरोबरीत होता, आणि ही गोष्ट मला तुमच्या मुलापर्यंत पोचवायचीय. शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीला एवढं वजन येतं ते आधीच्या मिनिटांमध्ये कोणी गोल केला नाही म्हणून. तुमची टीम २-० ने पुढे असती तर हीच धडक, हीच पेनल्टी आज कुणाच्या लक्षातही नसती. (२-० सुद्धा दरवेळी पुरतं असं नाही म्हणा, २०२२ च्या वर्ल्डकप फायनलला अर्जेंटिना २-० वर होती, ८० व्या मिनिटाला एम्बाप्पेने पेनल्टी मारली आणि अर्जेंटिना सावरायच्या आत पुढच्याच मिनिटाला त्याचा दुसरा गोल.)

आता एक उदाहरण, आपल्या पुण्याला जवळचं. विशाल कैथ एफसी पुणे सिटीचा कीपर होता, बालेवाडीला जाणाऱ्यांना आठवत असेल. २०१८ च्या मार्चमध्ये आयएसएलची (इंडियन सुपर लीग) सेमीफायनल, बेंगळुरूविरुद्ध, इथे ०-० आणि तिथे ६५ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या छेत्रीने पेनल्टीवर २-० केलं. पण तेव्हा २५ मिनिटं बाकी होती, जोनाथन लुक्काने ८२ व्या मिनिटाला फ्री-किकवर एक गोल परत केला, मॅचमध्ये जीव आला, ८९ व्याला छेत्रीने पुन्हा मारला तेव्हा कुठे ती संपली. वेळ उरलेला असला की पेनल्टी खाल्लेली टीमही लढू शकते ती अशी.

मग २०२३ ची आयएसएल फायनल, गोव्यात, आता कैथ एटीके मोहन बागानकडे. त्याची टीम २-१ ने मागे असताना ८५ व्या मिनिटाला पेत्रातोसने पेनल्टीवर बरोबरी केली आणि शूटआऊटमध्ये कैथने एक किक अडवली, ट्रॉफी त्यांची. आणि मग १० जून २०२५, एशियन कप क्वालिफायर, हाँगकाँग. मॅच ०-०, इंज्युरी टाइम, हवेतला बॉल घ्यायला कैथ पुढे आला आणि समोरच्याला धडकला, पेनल्टी, गोल, भारत १-० ने हरला. तुमच्या मुलाचं झालं ना, अगदी तेच, देशाच्या जर्सीत. पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनने एकदम सोपा चान्स घालवला होता, तो बॉल आत गेला असता तर? २०२३ ला आयएसएलचा गोल्डन ग्लव्ह (सीझनच्या सर्वोत्तम कीपरचं बक्षीस) घेतलेला कीपर आहे हा. मुलाबरोबर बसून त्या मॅचचे हायलाइट्स बघा, तुम्ही काही बोलू नका, त्यालाच बोलू द्या.

आणि कोचशी एकदा बोला. शेवटच्या दहा मिनिटांत पाय थकलेले असतात, टॅकल अर्ध्या सेकंदाने उशिरा जातो, समोरची टीम बॉक्समध्ये माणसं भरून क्रॉस टाकत बसते, अशा वेळी कीपरने पुढे यायचं की लाइनवर थांबायचं हे शिकवावं लागतं, सोळाव्या वर्षी आपोआप येत नाही ते.

प्रश्न (वानवडीहून, टर्फवर खेळणारा एक वाचक): पेनल्टी दिली आणि तेवढ्यात वेळ संपली तर? आमच्याकडे यावरून भांडण झालं.

उत्तर: पेनल्टी घेतलीच जाते, तेवढ्यासाठी वेळ वाढवायची असा नियमच आहे. मात्र वेळ वाढवून घेतलेल्या पेनल्टीवर रिबाउंड नाही. कीपरने अडवून बॉल परत खेळात आला की संपलं, कोणी धावत येऊन मारायचं नाही. यामागे एक जुनी गोष्ट सांगतात, पेनल्टीचा नियम १८९१ मध्ये आला आणि त्याच वर्षी स्टोक १-० ने मागे असताना त्यांना शेवटी पेनल्टी मिळाली, तर अॅस्टन व्हिलाच्या कीपरने बॉलच मैदानाबाहेर लांब मारला, तो शोधून आणेपर्यंत वेळ संपली. पुढे मग नियमात वेळ वाढवायची सोय आली.

प्रश्न (पिंपरीहून, वय १५): शेवटची पेनल्टी कोणी मारायची, कॅप्टनने की जिच्यावर फाऊल झाला तिने? आमच्यात दोघी बॉल धरून उभ्या राहिल्या.

उत्तर: अगं, हे मॅचच्या आधीच ठरवा, पहिली कोण आणि ती बाहेर गेली असेल तर दुसरी कोण. जिला आत्ताच लागलंय तिचा श्वास तरी जागेवर असतो का? सरावात सगळ्यात जास्त आत घालते तिला द्या, आणि तिचीही चुकू शकते हे सगळ्यांनी आधीच मान्य करा. २०२२ च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या हॅरी केनने फ्रान्सविरुद्ध एक पेनल्टी मारली आणि ८४ व्या मिनिटाची दुसरी बारवरून गेली, समोर तोच लोरिस, क्लबमधला तेव्हाचा त्याचाच कीपर, २-१ ने इंग्लंड घरी.

पण तू विचारलं नाहीस ते जास्त महत्त्वाचं, बाकीच्या नऊ जणींनी काय करायचं? मे २०१३ मध्ये लेस्टरला वॉटफर्डविरुद्ध प्लेऑफच्या सेमीफायनलमध्ये अगदी शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली, आत गेली असती तर थेट फायनल. वॉटफर्डचा कीपर अल्मुनियाने ती अडवली, रिबाउंडही अडवला, बॉल पुढे गेला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत डीनीने दुसऱ्या टोकाला गोल केला, फायनलला वॉटफर्ड. म्हणून दोघी-तिघी बॉक्सच्या कडेला रिबाउंडसाठी आणि निदान तिघी मागे, हेही ठरवून ठेवा. आणि प्रॅक्टिसमध्ये पेनल्टी सुरुवातीला मारू नका, सगळं पळून झाल्यावर, पाय दुखत असताना प्रत्येकीने एकच मारायची, दुसरा चान्स नाही.