‘द टोस्ट ऑफ न्यू यॉर्क’: पडद्यावरचा जिम फिस्क आणि पडद्यावर नसलेला जे गूल्ड

एकोणिसाव्या शतकातला न्यू यॉर्कचा सट्टेबाज जिम फिस्क याच्यावरचा १९३७ सालचा चित्रपट ‘द टोस्ट ऑफ न्यू यॉर्क’ आपण नुकताच पाहिलात आणि तीन गोष्टी विचारल्यात: शेअर छापून व्हँडरबिल्टसारख्या बलाढ्य रेल्वेमालकाला कोणी खरोखर नामोहरम केले होते का, केरी ग्रँटने रंगवलेला निक बॉइड हा भागीदार खरा होता का, आणि सोन्याचा डाव एका दिवसात कसा कोसळला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय आणि दुसऱ्याचे नाही, असे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र चित्रपटातून मिळणे शक्य नाही, कारण ज्याने तो डाव रचला तो फिस्कचा खरा भागीदार जे गूल्ड या चित्रपटात कुठेच नाही.

आधी एरी रेल्वेचे प्रकरण पाहू. १८६८ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट एरीवर ताबा मिळवण्यासाठी बाजारात दिसेल तो शेअर उचलत होता. संचालक मंडळातल्या डॅनियल ड्रू, गूल्ड आणि फिस्क यांनी एक कोटी डॉलरचे रोखे काढले आणि ते शेअरमध्ये बदलून, म्हणजे सुमारे एक लाख नवे शेअर करून, बाजारात सोडले. व्हँडरबिल्टने नवे शेअर काढण्याविरुद्ध न्यायालयातून मनाईहुकूम आणला, तेव्हा घडलेली गोष्ट त्या काळच्या वृत्तांतांत नोंदलेली आहे. कंपनीच्या सचिवाने प्रमाणपत्रांची पुस्तके एका पोऱ्याच्या हाती देऊन रवाना केली आणि थोड्याच वेळात पोऱ्या रिकाम्या हातांनी परतला. दाराबाहेर फिस्कसाहेब भेटले आणि पुस्तके हिसकावून पळाले, असे त्याने सांगितले. हुकूम सचिवाने मोडला नाही, पोऱ्यानेही नाही, आणि शेअर मात्र दुसऱ्या दिवशी बाजारात आले. व्हँडरबिल्टला या व्यवहारात सुमारे सत्तर लाख डॉलरचा फटका बसला, असे सांगितले जाते. अटक टाळण्यासाठी ही मंडळी नोटांच्या थप्प्या घेऊन हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीतल्या टेलर्स हॉटेलात जाऊन बसली, आणि पुढे ऑल्बनी येथील न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून त्यांचे कृत्य वैध ठरवले. तेथे पैसा कसा वाटला गेला, हा त्या कथेचा सर्वांत काळा भाग आहे.

चित्रपटाच्या आरंभी येणारा चोरट्या कापसाचा व्यापार निव्वळ कल्पित नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतल्या राज्यांतला कापूस बाहेर काढून फिस्कने खरोखर पैसा केला होता. युद्धामुळे अमेरिकी कापसाची टंचाई झाली, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा असा पूर आला, की बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. आपल्या शेअरबाजाराच्या इतिहासातले ते पान आणि फिस्कची पहिली कमाई एकाच युद्धातून आली आहे.

आता सोन्याविषयी. १८६२ पासून अमेरिकेत कागदी डॉलर चालत होता, पण परदेशी व्यापाराचा हिशेब सोन्यात होई. त्यामुळे न्यू यॉर्कच्या ‘गोल्ड रूम’मध्ये शंभर सोन्याच्या डॉलरांना किती कागदी डॉलर पडतात, याचा भाव रोज ठरत असे. भाव घसरला तर नुकसान होऊ नये म्हणून निर्यातदार हाती नसलेले सोने आधीच विकून ठेवत, आणि ते देण्यासाठी सोने उसने घेत. गूल्डने नेमके हेच हेरले. बाजारात हिंडते सोने जेमतेम दीडदोन कोटी डॉलरचे. त्याच्या कितीतरी पट सौदे घेऊन ठेवले, तर हाती नसलेले सोने विकून बसलेल्या मंदीवाल्यांना त्याच्याकडेच यावे लागेल. एकच धोका होता, तो सरकारी तिजोरीचा: तिने आपले सोने विकायला काढले, तर भाव कोसळणार. तो टाळण्यासाठी त्याने राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे मेहुणे एबल कॉर्बिन यांना हाताशी धरले.

ग्रँट यांना संशय आला आणि कॉर्बिन यांच्या घरी आलेल्या पत्रातून ते गूल्डला कळले. त्याने फिस्कला पत्ता लागू न देता गुपचूप विक्री सुरू केली, आणि फिस्कचे दलाल मात्र भाव चढवत राहिले. २४ सप्टेंबर १८६९ च्या सकाळी भाव १६० च्या पुढे गेला. दुपारी तिजोरीने चाळीस लाख डॉलरचे सोने विकण्याचा आदेश दिल्याची बातमी आली आणि भाव काही मिनिटांत १३५ च्या खाली आला. त्या गदारोळात ऑल्बर्ट स्पायर्स हा फिस्कचा दलाल अजूनही १६० ने खरेदीची हाक देत उभा होता, आणि भोवतालचे लोक त्याहून कितीतरी खालच्या भावाने विकत होते. ओरडून सौदे होत त्या काळात मी दलाल स्ट्रीटवर काम केले आहे; हातातला हुकूम आणि समोरचा भाव यांची अशी फारकत झाली की माणसाच्या चेहऱ्यावर काय उतरते, ते मी पाहिले आहे. चित्रपटात हे दृश्य असते, तर तो फार मोठा झाला असता. स्पायर्सने केलेले सौदे फिस्कने नंतर सरळ नाकारले.

म्हणून बॉइड हे पात्र मला खटकते. गूल्डच्या जागी चित्रपटाने देखणा, सद्सद्विवेक जागा असलेला मित्र आणला, आणि फिस्कचा लोभ जणू त्याच्या एकट्याचा ठरला. फिस्क रंगवणाऱ्या एडवर्ड अर्नल्डचे काम मात्र उत्तम आहे. त्याचे गडगडाटी हसू आणि भपका खऱ्या फिस्कला शोभणारे आहेत.

चित्रपटातल्या जोसीबद्दल थोडे सांगतो. फिस्कची पत्नी ल्यूसी बोस्टनला राहत असे आणि जोसी मॅन्सफील्ड त्याची प्रेयसी होती. त्या काळच्या सेन्सॉर संहितेत हे नाते मोकळेपणाने दाखवणे अवघड होते. खऱ्या फिस्कचा अंत सोन्याच्या पडझडीनंतर दोन वर्षांहून अधिक काळाने झाला. एडवर्ड स्टोक्स हा त्याचा तेलशुद्धीकरणातला भागीदार जोसीच्या प्रेमात पडला, फिस्कने जोसीला लिहिलेल्या पत्रांवरून खटले उभे राहिले, आणि ६ जानेवारी १८७२ रोजी ग्रँड सेंट्रल हॉटेलच्या जिन्यावर स्टोक्सने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी फिस्क गेला. त्याच्यासाठी गूल्ड त्या हॉटेलात बसून रडला, अशी आठवण नोंदलेली आहे. आणि दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, गूल्डला एरीच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले.