ताडोबाला पहिल्यांदा जाताना

मे महिन्यात ताडोबाला वन्यजीवांचे फोटो काढायला निघालायस, तर ऊन सोसायची आणि पाणवठ्यापाशी तासभर थांबायची तयारी ठेव. सफारीच्या उघड्या जिप्सीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते. जुन्या पँटचा पाय कापून त्यात तांदूळ भर, दोन्ही टोकं शिव आणि लेन्स त्यावर टेकव. चालकाला इंजिन बंद करायला सांग, नाहीतर थरथर फोटोत उतरते. पहाटे झाडीत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त वाढव. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. सांबर ओरडलं की बोलणं थांबव, ते सहसा उगाच ओरडत नाही, वाघ किंवा बिबट्या जवळपास असू शकतो. आणि वाघापायी पाणवठ्यावर आलेला स्वर्गीय नर्तक पक्षी सोडू नकोस रे! पांढऱ्या शेपटीचा नर दिसला तर शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेव. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतं, बुकिंग करताना बघ.