खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) घेतोयस? आधी पाणी बघ

अरे पणजीत राहतोस म्हणून मिरामारचं पाणी टँकमध्ये ओतू नको, पावसाळ्यात मांडवीचं गोडं पाणी मिसळून खारटपणा पार उतरतो, त्यापेक्षा आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (प्रवाळाच्या टँकचं खास मीठ) घाल नि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, घनता १.०२५ आली की मगच वापर. तापमान २५-२६, मे महिन्यात चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) नसेल तर निदान पंखा तरी हवाच, पण पंख्याने पाणी भराभर उडतं, तेव्हा टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, मीठ न घातलेल्या आरओनेच. लेदर कोरल (चामड्यासारखा दिसणारा सॉफ्ट कोरल) काही दिवस मिटून बसला, अंगावर मेणचट साय आली तर घाबरू नको रे, कात टाकतोय तो, पाण्याचा फ्लो (प्रवाह) थोडा वाढव. झोअँथिडला (बटणांसारखे झुबके करणारा प्रवाळासारखा जीव) हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, काहींत जबर विष असतं. झेनिया (भराभर पसरणारा सॉफ्ट कोरल) मात्र वेगळ्या दगडावर ठेव, नाहीतर टँकभर तीच.