वशिंडाला मिठी

प्रश्न : मादागास्करमध्ये माणसं बैलाशी कुस्ती खेळतात म्हणे. हा प्रकार स्पेनच्या बैलझुंजीसारखा की गोव्याच्या धिरयोसारखा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्हींसारखा नाही. स्पेनमध्ये शेवटी बैल मारतात आणि धिरयोत बैल बैलाला भिडतो. इथे माणूस रिकाम्या हातांनी उधळलेल्या बैलाच्या वशिंडाला मिठी मारतो आणि जमेल तितका वेळ लटकून राहतो. याला ‘साविका’ म्हणतात. जवळचं नातं लावायचंच तर ते तमिळनाडूच्या जल्लिकट्टूशी लागेल. बैलही आपल्यासारखेच वशिंडाचे. हा खेळ दक्षिण-मध्य पठारावरच्या बेत्सिलेओ लोकांचा. अंबुसित्र, फांद्रियाना या भागांत तो जोरात चालतो. (मालागासीत, म्हणजे तिथल्या भाषेत, ‘o’ लिहितात आणि ‘उ’ म्हणतात, म्हणून नकाशातलं ‘अंबोसित्रा’ ते हेच.)

मूळ भातखाचरात आहे. चिखलणीसाठी पाणी भरलेल्या खाचरात गुरांचा कळप गोल गोल फिरवतात. पोरं जनावरांच्या अंगाशी झटतात, जनावरं बिथरून जोरात तुडवतात आणि ढेकळं फुटून रोपांजोगा चिखल होतो. पडलं तरी खाली चिखलच, त्यामुळे शिकायला याहून बरा आखाडा नाही. ईस्टर, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांना तोच खेळ कुंपणाच्या रिंगणात, गर्दीसमोर होतो.

प्रश्न : पकडतात कसं? शिंगं लागत नाहीत?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : लागतात, जखमाही होतात. समोरून जायचंच नाही. बैल बाजूने जाऊ लागला की खांद्याच्या मागून वशिंडाला दोन्ही हातांनी कव घालायची. मग छाती आणि डोकं बैलाच्या अंगाला घट्ट चिकटवायचं. शिंगं पुढे आणि बाजूला फिरतात, खांद्याला चिकटलेल्या माणसापर्यंत सहज पोचत नाहीत. अंग आणि बैल यांत फट पडली की घात झालाच. वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. ते डुलतं, घामाने निसटतं, म्हणून नुसत्या बोटांची पकड टिकत नाही. पाय लोंबू दिले तर खुरांखाली येतात. ते बैलाबरोबर पळते ठेवायचे किंवा वर ओढून घ्यायचे. सगळ्यात वाईट घडी सुटण्याची. हात सोडताच बैल वळला तर माणूस थेट शिंगांसमोर. म्हणून वेग असताना, मागच्या अंगाला सुटायचं आणि कुंपण गाठायचं. काही जण ताईत बांधून उतरतात. तरी पकड ढिली ती ढिलीच.

प्रश्न : नंतर बैलाचं काय होतं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : तो कळपात परत जातो. त्याला मारणं हा या खेळाचा भाग नाही.